ताईंची गाडी आणि हौसाबाईंचं स्टेरिंग

ताई अंगणात उभ्या राहून बोलू लागल्या की पलीकडच्या खाचरात लावणी करणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या. ऐकायच्या म्हणजे त्यांना ऐकावंच लागायचं. ताईंची सगळी नोकरी पुण्यात मुलींच्या शाळेत कवायत शिकवण्यात गेली होती. मैदानाच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलीचा हात वाकडा आहे हे सांगायची सवय. निवृत्त झाल्यावर त्या कोळवणला वडिलांच्या शेतावरच्या घरात राहायला आल्या, पण आवाज मैदानाएवढाच राहिला. "भाकरी झाली का?" असं त्यांनी मला त्यांच्याच स्वयंपाकघरात विचारलं, की आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या आमच्या घरातून उत्तर द्यायच्या, "झाली म्हनावं!"

मी त्यांच्याकडे भाकरी-भांड्याला जायचे. मला माणसांसमोर बोलायचं म्हणजे घाम फुटतो. पहिल्या दिवशी मी दाराआड उभी राहून काहीतरी पुटपुटले. ताई म्हणाल्या, "दाराला मी ओळखते. त्याला बोलता येत नाही. मागे कोण आहे ते पुढे या." पुढे गेले. किती शिकलीस म्हणून विचारलं. चौथी, असं मी पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं.

"म्हणजे चार वर्षं शाळेत गेलीस. मग मान वर करून सांग. चार वर्षांत पुष्कळ होतं."

उंच, सडसडीत, केस कापलेले, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट त्या रोज रात्री खडूने पांढरे करायच्या. चिखलाच्या गावात पांढरे बूट बघून लोक हसायचे. ताईंना हसण्याचं काही वाटायचं नाही. त्यांना चीड एकाच वाक्याची होती. कुणी 'हे व्हायचं न्हाई' म्हटलं की त्या म्हणायच्या, "कोणी ठरवलं? नाव सांग." माणूस गप्प व्हायचा. कारण 'व्हायचं न्हाई' हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण ठरवलं कोणी, ते कुणालाच सांगता येत नाही.

घराच्या मागे गोठा होता आणि गोठ्यात गाडी होती. त्यांचे वडील डॉक्टर. आमच्या खोऱ्यात रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता तेव्हापासून ते ह्या गाडीतून गावोगाव फिरायचे. गाडी विलायतेची, काळी, गोल पाठीची. तिचं नाव मला कधी नीट घेता आलं नाही. डॉक्टर म्हातारे झाले, गाडी एकदा इथेच बंद पडली, आणि मग ते वारल्यावर तिच्याकडे कुणी बघितलं नाही. ताई आल्या तेव्हा मागच्या सीटवर आमच्या कोंबड्या अंडी घालत होत्या. पुढचे दिवे नव्हते. चाकांवरच्या चकत्या नव्हत्या. दारांच्या मुठी नव्हत्या. आणि ड्रायव्हरच्या जागेसमोर नुसती लोखंडी दांडी उभी होती, स्टेरिंग नव्हतं.

ताईंचा धाकटा भाऊ श्रीकांत पुण्यात कोथरूडला राहायचा. शेत, घर, गाडी, सगळं वडिलांनी त्याच्या नावावर ठेवलेलं. ताईंना हयात असेतोवर राहायला घर. एका रविवारी तो मुंबईच्या एका गृहस्थांना घेऊन आला. त्या गृहस्थांना जुन्या गाड्या गोळा करायचा नाद होता. त्यांनी गाडीभोवती फिरून, वाकून, खालून बघून घेतली आणि आहे तशी उचलून नेतो म्हणाले. मी चहा घेऊन दारात उभी होते.

ताई म्हणाल्या, "श्री, ही गाडी मला हवी."

"काय करणार तू?"

"चालवणार."

भाऊ हसला. "ताई, वय काय तुझं?"

"तुझ्यापेक्षा चारने जास्त. आणि अजून वाढतंय."

"आणि तुला चालवता कधी येत होती? बाबांनी मला शिकवली, तुला नाही."

ताईंनी पदराने गाडीची काच पुसायला घेतली. मग भावालाच चेव आला. पाहुण्यांसमोर म्हणाला, "बरं. दसऱ्याला ही गाडी स्वतः चालवत माझ्या दारात आण. आणलीस तर तुझी. नाही आणलीस तर हे नेतील. चालेल?"

"झालंच म्हणून समज," ताई म्हणाल्या आणि मला हाक मारली, "चहा गार होतोय, आत ये."

तेव्हा नुकत्याच लावण्या उरकल्या होत्या.

पिरंगुटहून एक मिस्त्री यायचा. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्याने रस्त्याकडेला गॅरेज टाकलं होतं. आठवड्यातून दोनदा पिशवी घेऊन एसटीने यायचा, गाडीच्या पोटाखाली शिरायचा आणि तिथून ताईंशी भांडायचा. इंजिन त्याच्यावर सोपवून ताई स्वतः सामान शोधायला निघाल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन चकरा मारल्या. ह्या गाडीचं काही मिळालं नाही. तेव्हा एके दिवशी आत्याबाईंनीच मला हळूच सांगितलं, आणि मी ताईंना सांगितलं, की सामान पुण्यात कशाला शोधता, ते गावातच आहे. गाडी बेवारशी पडली तेव्हा ज्याला जे लागलं ते त्याने नेलं.

मला वाटलं, आता पोलीस येणार. ताई उठल्या, बूट घातले, मला म्हणाल्या, "चल. घरं दाखव."

त्यांची मागायची रीत मी जन्मात विसरणार नाही. पहिलं घर पाटलांच्या चुलत्यांचं. अंगणात कोंबड्या एका चकचकीत गोल ताटलीतून पाणी पीत होत्या. ती ताटली म्हणजे गाडीच्या चाकावरची चकती. ताईंनी तिच्याकडे बघितलं, मग घरधनिणीला नमस्कार केला.

"डॉक्टरांची मुलगी मी. आमची चकती तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत, फार उपकार झाले. गोठ्यात असती तर गंजून गेली असती. आता गाडी दुरुस्त होतेय. घेऊन जाऊ का?"

ती बाई आधी पांढरी पडली, मग लाल झाली, मग तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "व्हय व्हय, सांभाळायलाच आनली हुती. आमचं ह्ये म्हनायचंच, डॉक्टरांची वस्तू हाय, नीट ठिवा." तिने पदराने पुसून चकती दिली. ताईंनी पिशवीतून नवी स्टीलची परात काढून कोंबड्यांपुढे ठेवली.

बातमी आमच्या पुढे पळाली. तिसऱ्या-चौथ्या घरापासून लोक स्वतःच वस्तू काढून ठेवू लागले. दिव्याभोवतीचं गोल कडं एकीने हंड्याखाली घ्यायला चुंबळीसारखं ठेवलं होतं. दाराच्या दोन मुठी एकाच्या कपाटाला लागलेल्या निघाल्या, तर त्याने मुठींसकट कपाटाचं दारच खांद्यावर टाकून आणलं. "लई जपली बगा ताई, हात लावू दिला न्हाई कुनाला," असं प्रत्येकजण सांगायचा आणि ताई प्रत्येकाला गंभीरपणे म्हणायच्या, "दिसतंच आहे." रस्त्यात मी हसू दाबत होते. ताई म्हणाल्या, "हसू नकोस. माणसाला द्यायला लाज वाटली की तो वस्तू विहिरीत टाकेल, पण देणार नाही. आपल्याला वस्तू हवी आहे."

गणपतीच्या सुमाराला इंजिन सुरू झालं. असा आवाज झाला की आमच्या गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. राहिलं फक्त स्टेरिंग. ते कुणीच आणून दिलं नव्हतं, आणि ताईंनी विचारलं की जो तो आभाळाकडे बघायचा.

मिस्त्रीने एका जिपचं जुनं स्टेरिंग आणलं. दांडीवर ते बसेना, तेव्हा मध्ये पत्र्याची गुंडाळी सारून ठोकून बसवलं. "चालतंय का बघा," म्हणाला. ताई ऐटीत बसल्या. गाडी अंगणात हळूहळू पुढे निघाली. आत्याबाई, मी, शेजारची पोरं, सगळे बघत होतो. तुळशीला वळसा घालताना स्टेरिंग दांडीवरून सुटून ताईंच्या हातात आलं. ताईंनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, आणि गाडी आपली सरळ आमच्या पेंढ्याच्या गंजीत शिरली. कुणाला काही झालं नाही. पेंढ्यातून आवाज आला, "मिस्त्री! हे तुमचं तुम्ही घेऊन जा!"

पेंढा झटकत ताई बाहेर आल्या तेव्हा आत्याबाईंना राहवलं नाही. "आता सांगते, मग शिव्या घाला. तुमचं ष्टेरिंग हौसाबाईकडं हाय. वढ्यापल्याड, वाडीवर. नामदेवाच्या बायकूकडं, भितीला टांगलंय. तिच्याकडनं मागायचं धाडस कुनी करत न्हाई म्हनून कुनी बोललं न्हाई."

नामदेव म्हणजे डॉक्टरांचा ड्रायव्हर. तो वारून बरीच वर्षं झाली होती. नाव ऐकून ताईंचा चेहरा बदलला, पण त्या लगेच पिशवी शोधायला लागल्या.

हौसाबाईंच्या घरात देव्हाऱ्याशेजारी मोठ्या खिळ्याला स्टेरिंग टांगलेलं होतं. काळी कडक कड, जुन्या रेडिओच्या बटणांसारख्या कसल्याशा पदार्थाची, आणि मध्ये तारांच्या तीन दांड्या. कडेला उन्हाळ्यात खाचर भेगाळतं तशा भेगा. मधोमध हळदीकुंकवाचा थर आणि वाळलेली झेंडूची माळ. हौसाबाई ठेंगण्या, काटक. ताईंना त्यांनी घोंगडी टाकून बसवलं. मी उंबऱ्याशी बसले.

ताईंनी सुरुवात केली, "इतकी वर्षं तुम्ही सांभाळलंत, फार उपकार..."

"सांभाळलं न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "आमचंच हाय त्ये."

ताईंनी भिंतीवरच्या स्टेरिंगकडे बघितलं.

"गाडी बंद पडली तवा तुमच्या वडलांनी सोताच्या हातानं खोलून दिलं. म्हनले, नामदेवा, तुज्याबिगर ही गाडी चालवनार कोन? घरी ने. परत मागनार न्हाई. मी हितंच हुभी हुते. दर दसऱ्याला मी त्याची पूजा करते. गावानं नेलं तसं आमी न्हेलेलं न्हाई."

भिंत ओकी दिसू नये म्हणून ताईंनी बदल्यात घड्याळ आणलं होतं. त्यांनी ते पिशवीतून अर्धवट काढलं.

"घड्याळ कशाला?" हौसाबाई म्हणाल्या. "मला कुटं जायचंय?"

 ताईंनी घड्याळ पिशवीत परत सारलं, चहा संपवला, "येते" म्हणाल्या आणि आम्ही निघालो. ओढा ओलांडताना त्या एवढंच बोलल्या, "ती बरोबर आहे. तिच्याकडून 'सांभाळलंत' म्हणून मागणं चूक होतं."

मला वाटलं, संपलं. मुंबईचे गृहस्थ गाडी नेणार. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई पिशवी न घेता वाडीवर गेल्या. तिसऱ्या दिवशीही. मला सोबत न्यायच्या, कारण ओढ्याला पाणी होतं. स्टेरिंगचं नाव काढायच्या नाहीत. वाल सोलायच्या, हौसाबाईंच्या गुडघ्यांना व्यायाम शिकवायच्या. "एक, पाय सरळ. दोन, खाली." हौसाबाई म्हणायच्या, "मेल्यावर सरळच हुनार हाय की, आत्ता कशाला?" पण करायच्या.

एका संध्याकाळी वाल सोलता सोलता हौसाबाईच म्हणाल्या, "तुमास्नी गाडी शिकवायचे तवा ह्ये रोज घामाघूम हुन घरी यायचे. म्हनायचे, ही पोरगी यक दिवस मला वढ्यात घालनार."

मी ताईंकडे बघितलं. ताई हसत होत्या. सोळा-सतरा वर्षांच्या असताना सुट्टीत इथे आल्या की पहाटे, डॉक्टर उठायच्या आत, नामदेव त्यांना कोळवणच्या रस्त्यावर गाडी शिकवायचा. डॉक्टरांना कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. भावाला आजतागायत माहीत नव्हतं.

"एकदाच घातली ओढ्यात," ताई म्हणाल्या. "आणि तीही पुढची दोनच चाकं."

"दोन? मला चार म्हनून सांगितलं त्येंनी!"

दोघी किती तरी वेळ हसल्या. मग हौसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "ताई, मला कळतंय तुमास्नी काय पायजे. पर यकदा त्ये गाडीला लागलं की गाडीचं झालं. गाडी तुमच्या भावाची. तुमी उद्या न्हाई ऱ्हायलात तर तो इकनार. मग माज्या भिंतीचं काय?"

ताईंनी फार विचार केला नाही. जणू उत्तर त्यांच्या ओठांवरच होतं. "मग ते गाडीचं होऊ द्यायचंच नाही. चालवायची तेव्हा तुमच्याकडून न्यायचं, बसवायचं. परत आले की काढायचं आणि ह्या खिळ्याला आणून अडकवायचं."

"दर बारीला?"

"दर वेळी."

"वढा वलांडून?"

"पाय आहेत मला."

हौसाबाईंनी उठून स्टेरिंगवरची वाळलेली माळ उतरवली. "न्या," म्हणाल्या. "पर खिळ्यावरनं काढनार मीच."

हे ऐकून मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "ताई, असं सारखं काढघाल केल्यावर आटे जातील! असं कुणी करत नाही. हे व्हायचं नाही."

"कोणी ठरवलं? नाव सांगा."

मिस्त्रीने चुपचाप मधल्या नटाला ग्रीस लावलं.

आता स्टेरिंगच्या भेगा भरायच्या होत्या. मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे ताईंनी करवतीच्या पात्याने प्रत्येक भेग थोडी रुंद केली, दोन ट्यूबमधली लुगदी एकत्र कालवून त्यात भरली आणि स्टेरिंग उन्हात टांगलं. दोन दिवसांनी घासायला घेतलं, तर लुगदी खपलीसारखी निघून हातात आली. सगळीच्या सगळी. पुन्हा भरली, पुन्हा निघाली. मिस्त्रीने भेगेत बोट घालून वास घेतला. "खोबरेल आहे हे! आतपर्यंत मुरलंय. ह्याच्यावर काय चिकटणार?"

हौसाबाई दर दसऱ्याला स्टेरिंगला तेल चोळायच्या. विळ्याला, कोयत्याला, नांगराच्या फाळाला लावतात तसं, गंजू नये, भेगाळू नये म्हणून. आणि वर हळदकुंकू. इतक्या वर्षांचं तेल त्या भेगांनी पिऊन घेतलं होतं.

दसरा जवळ आला होता. आत्याबाई म्हणाल्या, "आता भावाला कळवा." मी ताईंकडे बघितलं, त्यांनी मला वाडीवर पिटाळलं. हौसाबाई आल्या, भेगा बघितल्या, आणि काही क्षण त्यांचं तोंड उतरलं. "माजंच त्याल आडवं आलं व्हय." मग पदर खोचला. "माजं हाय तर मीच काढते. शिकेकाई उकळा."

तिन्हीसांजेपर्यंत आमच्या अंगणात त्या स्टेरिंगला न्हाऊ घालणं चाललं. शिकेकाईचं कढत पाणी, मग चुलीतली चाळलेली राख, मग पुन्हा पाणी. पितळेच्या भांड्याचा ओशटपणा काढतो तसं. उरलेल्या वेळात गरम राखेच्या घमेल्यात पुरून ठेवायचं, म्हणजे राख आतलं तेल ओढून घेते. मी पाणी घालायचे, ताई घासायच्या, हौसाबाई ओरडायच्या, "भेगंत घासा, वरवर काय तोंड पुसताय!" ताईंना कुणी ओरडलेलं मी तेव्हाच ऐकलं. त्या "हो" म्हणायच्या आणि भेगेत घासायच्या. दुसऱ्या दिवशी घमेल्यातली राख चिकट आणि पिवळी झाली. तिसऱ्या दिवशी कोरडी निघाली.

लुगदी भरताना एका जागी हौसाबाईंनी ताईंचा हात धरला. कडेच्या खालच्या अंगाला बोटं बसायला खाचा होत्या. डावीकडच्या तीन खाचा झिजून सपाट झाल्या होत्या. "ह्या भरू नगा. त्येंचा हात हितं असायचा." ताईंनी आपला डावा हात तिथे ठेवला, बोटं मिटली. मग त्या खाचा सोडून पुढची भेग भरायला घेतली. ह्या वेळी लुगदी धरली. पॉलिश पेपरने घासून, काळा रंग दिला, पुन्हा घासला, पुन्हा रंग दिला. ते चिंचेच्या फांदीला टांगलेलं असायचं आणि कोंबडी जरी जवळून गेली तरी ताई धूळ उडते म्हणून तिच्यावर ओरडायच्या.

दसऱ्याला सकाळी गाव लोटलं. ट्रॅक्टर, मोटारसायकली, जिपा, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि मध्ये ही काळी गाडी. हौसाबाईंनी स्टेरिंगला कुंकू लावलं. तेलाची वाटी आणली होती, ती ताईंनी नुसती बघितली आणि हौसाबाईंनी गुपचूप माघारी नेली. मिस्त्री पुढे पिशवी मांडीवर घेऊन, मागे हौसाबाई आणि मी. मी येत नाही म्हणाले होते. ताई म्हणाल्या, "घासलंस, मग बसायला काय झालं?"

पौड गाठेपर्यंत मी डोळे मिटून होते. पिरंगुटला कारखान्यातून पाळी सुटली होती, माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तिथेच कामाला होते, तेही त्यांच्यात होते. मला मागच्या काचेत बघून त्यांचा हात टोपीवरच राहिला. घाटात गाडी तापली, वाफ निघाली. ताईंनी बाजूला घेतली, मिस्त्रीने पाणी घातलं. मागून एक पीएमटी आली, ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "आजी, ढकलू का?" ताई म्हणाल्या, "तुमची बंद पडली की सांगा, आम्ही ओढू."

कोथरूडला भावाच्या फाटकासमोर त्यांनी गाडी लावली आणि हॉर्न दिला. मी खाली वाकून लपले. "ताठ बस," ताई म्हणाल्या. "आपण दारात आलोय, मागच्या भिंतीवरून नाही."

भाऊ बाहेर आला. त्याच्या हातात पूजेचं ताट होतं, ते तसंच राहिलं. तो गाडीभोवती हळूहळू फिरला. खिडकीतून आत हात घालून त्याने स्टेरिंगला हात लावला.

"ताई, तुला बाबांनी कधी शिकवली?"

"बाबांनी नाही. ह्यांच्या नवऱ्यानं." ताईंनी मागे बोट दाखवलं. "तू झोपलेला असायचास तेव्हा."

भाऊ गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आला. मग त्याने दार उघडून त्यांना हात देऊन उतरवलं आणि घरात नेऊन सोफ्यावर बसवलं. पाटावर नाही, सोफ्यावर. शब्द त्याने पाळला, ह्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. मुंबईला फोन लावला आणि आमच्यासमोरच सांगितलं, "गाडी विकायची नाही. बहिणीची आहे."

निघताना तो लहान मुलासारखा म्हणाला, "एकदा मला चालवू दे ना. कोपऱ्यापर्यंत."

"मला काय विचारतोस? स्टेरिंग ह्यांचं आहे."

हौसाबाई म्हणाल्या, "चालवा की. पर वळनावर झटका देऊ नगा. त्ये देत न्हवते."

त्यानंतर कितीतरी वर्षं तो रिवाज चालला. चालवायच्या दिवशी ताई सकाळी ओढा ओलांडून जायच्या, हौसाबाई विचारायच्या, "कुटं निघालाय?" आणि उत्तर पटलं तरच खिळ्यावरून काढून द्यायच्या. कुणाला बाळंतपणासाठी पौडला न्यायचं असलं तर लगेच मिळायचं. नुसतं हवा खायला जायचं असलं तर हौसाबाई म्हणायच्या, "मग मी बी येते." शाळेच्या पोरांना एकदा धरणावर नेलं, तेव्हा आत किती पोरं होती हे गाडीलाच माहीत. नांद्यात, पिरंगुटात जमिनी विकल्या जाऊ लागल्या, आमच्या खोऱ्यातही शहरातल्या लोकांची घरं झाली, मोठ्या मोठ्या गाड्या आल्या. त्यांतले काही ताईंची गाडी बघायला यायचे, दार उघडायचे आणि विचारायचे, "ह्याचं स्टेरिंग कुठंय?" ताई म्हणायच्या, "त्याच्या घरी."

मग ताईंच्या डोळ्यांनी दगा दिला. एका बाजूचं दिसेना. पुण्याच्या डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली, आणि भावाने एकटं राहणंही बंद सांगितलं. भाऊ स्वतः न्यायला येणार होता. गाडी गोठ्यातच ठेवायची, असं ताईंनी त्याला बजावलं. त्याने मान डोलवली. अजून ती तिथेच आहे. मी आठवड्यातून एकदा फडकं मारते.

डोळ्यांच्या गडबडीत स्टेरिंग पहिल्यांदाच गाडीला राहून गेलं होतं; भाऊ यायच्या आदल्या दिवशी ताईंनी ते शेवटचं काढलं. मिस्त्रीला बोलावलं नाही. पान्याने नट सैल केला, दोन्ही हातांनी ओढलं, आलं. मी म्हणाले, "मी येते सोबत, ओढ्यापर्यंत."

"ओढा आटलाय. तू गोठ्याचं दार लाव."

दार लावून मी परसात आले. भात कापून झालं होतं, खाचरं मोकळी होती, लांबपर्यंत दिसत होतं. ताई बांधावरून चालल्या होत्या, पांढरे बूट, कवायतीत चालल्यासारखी ताठ मान. स्टेरिंग आधी काखेत होतं. मग बघते तर त्यांनी ते दोन्ही हातांनी समोर धरलं. आजूबाजूला कुणी नाही असं त्यांना वाटलं असेल. बांध डावीकडे वळतो तिथे त्यांनी स्टेरिंग डावीकडे फिरवलं, सावकाश, झटका न देता, आणि त्याच्यामागून स्वतः वळल्या. पुढे वाटेत एक म्हैस आडवी उभी होती. ताई थांबल्या. आणि त्या मैदानभर जाणाऱ्या आवाजात त्यांनी तोंडाने हॉर्न वाजवला, दोनदा. म्हशीने मान वळवून पाहिलं, आणि बांधावरून खाली उतरून वाट दिली.